प्रश्न सभागृहांत, घर पावसांत

दर अधिवेशनांत एक बातमी ठरलेली असते. विरोधी पक्षाच्या सभासदांनीं घरकुलांविषयीं, निराधारांच्या पगाराविषयीं सरकारास जाब विचारला, मंत्रीमहाशयांनीं उत्तर दिलें, गलबला झाला, सभागृह तहकूब झालें. ही बातमी शाळेच्या ओट्यावर आम्ही चार मंडळींस वाचून दाखविली म्हणजे कोणी तरी म्हणतोच, "मास्तर, ते तिकडे भांडले, पण आमच्या पदरांत काय पडलें?"

हा सवाल रास्त आहे. विचारणारा कुंभार असो, सुतार असो कीं दोन एकरांचा कुणबी असो, त्याचें घर गळत आहे, आणि सभागृहांतल्या गलबल्यानें त्याच्या छपरावर एकही पत्रा चढत नाहीं. म्हणून कित्येक लोक असें ठरवून मोकळे होतात कीं, हे प्रश्न म्हणजे पुढाऱ्यांचा तमाशा. आपला त्यांत संबंध नाहीं. आमचें मत निराळें आहे. सभागृहांत सरकारास प्रश्न विचारण्याचा हक्क हें रयतेच्या हातांतलें औत आहे. परंतु औत कितीही चांगलें असलें तरी बैल जुंपल्याशिवाय तें चालत नाहीं, आणि हे बैल गांवानेंच जुंपावयाचे आहेत. तें कसें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम हा हक्क आला कोठून तें पाहूं. पूर्वीं रयतेनें सरकारास अर्ज करावा, आणि सरकारनें तो वाचावा किंवा न वाचावा, असा प्रकार होता. १८८२ सालच्या ऑक्टोबरांत जोतीराव फुले ह्यांनीं हंटर कमिशनापुढें लेखी निवेदन ठेवलें. त्यांतला मुख्य मुद्दा हा होता कीं, सरकारच्या तिजोरींत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या घामांतून, आणि त्या पैशावर शिकतात तीं वरच्या वर्गांचीं मुलें. मग शेतकऱ्याच्या मुलाच्या शिक्षणाची वाट काय? हा सरकारास विचारलेला प्रश्नच होता. पण तो विचारण्यास जोतीरावांस कायदेमंडळांत जागा नव्हती, आणि उत्तर देण्यास सरकार बांधलेलें नव्हतें. १८९२च्या कायद्यानें कौन्सिलांतल्या सभासदांस प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण उत्तर मिळालें कीं मुकाट्यानें खालीं बसावें लागे. १९०९ सालीं ज्यानें प्रश्न विचारला त्यास त्यावर पुरवणी प्रश्न करतां येऊं लागला. १९१९च्या सुधारणांनंतर ही मोकळीक सर्व सभासदांस झाली. अर्ज आणि प्रश्न ह्यांत अंतर आहे तें असें कीं, अर्जदार हात जोडून उभा असतो, आणि प्रश्नाच्या वेळीं मंत्र्यास उभें राहावें लागतें. शिवाय दिलेलें उत्तर छापून राहतें. मंत्री बदलला, पक्ष बदलला, तरी छापलेलें उत्तर बदलत नाहीं.

आतां घरांच्याच बाबतींतला एक जुना दाखला घेऊं. १९२० सालीं मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड ह्यांच्या कारकिर्दींत सरकारनें डेव्हलपमेंट खातें उघडलें. कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा बेत जाहीर झाला, आणि त्या खर्चासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसविला. म्हणजे कर शेतकऱ्यानें पिकविलेल्या मालावर, आणि खोली सातारा-रत्नागिरीहून गिरणींत गेलेल्या शेतकऱ्याच्याच मुलास. वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें मिळून २०७ चाळी उठल्या, सुमारें १६,५०० खोल्या झाल्या, आणि बेताच्या तिसऱ्या हिश्श्यावर काम थांबलें. खोली १६० चौरस फुटांची, भिंती काँक्रीटच्या, संडास सामाईक. मुंबईंत गरीबास राहण्याची एवढी अडचण असूनही आरंभीं ह्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या. राहणाऱ्यास भाडें परवडतें काय, उजेड-वारा पुरतो काय, हें बांधणारांनीं नीट पाहिलेंच नव्हतें.

ह्याच खात्याचें दुसरें मोठें काम म्हणजे बॅकबेचा समुद्र भरून जमीन काढणें. ह्या कामांतल्या उधळपट्टीविषयीं खुर्शेद नरीमन ह्यांनीं सरकारास एकसारखें छेडलें. नरीमन हे मुंबईच्या कायदे कौन्सिलांत विरोधी बाकांवर बसणारे स्वराज्य पक्षाचे सभासद. १९२६ सालीं चौकशी-कमिटी बसली. खात्यांतल्या हार्वे नांवाच्या अधिकाऱ्यानें नरीमनांवर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. १९२८ सालीं नरीमन निर्दोष सुटले. समुद्र भरण्याचा बेत सरकारास पुष्कळ आंखडता घ्यावा लागला.

ह्यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक ही कीं, नरीमनांचा प्रश्न चालला तो आवाजाच्या जोरावर नव्हे. कोर्टांत टिकेल अशी माहिती त्यांच्या हातांत होती म्हणून. दुसरी गोष्ट कडू आहे. त्यांच्या प्रश्नानें पैशाची गळती उघडी पडली, पण चाळींतल्या माणसाच्या खोलींत त्यानें उजेड आला नाहीं. कारण खोलींतल्या माणसाचें गाऱ्हाणें एवढ्याच नेटानें कोणी लावून धरलें नाहीं. वरळीच्या त्या चाळींच्या जागीं बांधलेल्या ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या पहिल्या चाव्या रहिवाशांच्या हातीं पडल्या त्या २०२५च्या ऑगस्टांत. मध्यें शंभर वर्षें गेलीं! गांवाकडून गिरणींत गेलेला आजा त्याच खोलींत म्हातारा झाला, आणि चावी नातवाला मिळाली.

दुसरा दाखला आमच्या वाचकांस तोंडपाठ असावा. सीताराम केशव बोले ह्यांनीं ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कौन्सिलांत ठराव पास करून घेतला कीं, सार्वजनिक पैशावर चालणारीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने हीं सर्व ठिकाणें अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुलीं असावींत. पुढच्याच महिन्यांत सरकारचा हुकूम सुटला. १९२४ सालीं महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपलें तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागद पुरे झाले. पाणी मात्र होतें तसेंच बंद राहिलें.

मग १९२७चा मार्च उजाडला. डॉ. आंबेडकर त्या सालीं कौन्सिलांत नवे आले होते, तेही सरकारी नेमणुकीनें. तरी १२ मार्च रोजीं त्यांनीं सरकारच्या शिक्षणखर्चाचा हिशेब सभागृहांत मांडला: ह्या इलाख्यांत माणशीं शिक्षणावर खर्च चौदा आणे, आणि दारूच्या करांतून माणशीं वसुली दोन रुपयांहून अधिक. जेवढें दारूंतून घेतां तेवढें तरी शिक्षणावर खर्च करा, एवढेंच त्यांचें मागणें होतें. आंकडे सरकारचेच होते, म्हणून त्यांस उत्तर देणें सरकारास जड गेलें असेल. आणि त्यानंतर आठवडाभरांत, १९ व २० मार्च रोजीं, तेच आंबेडकर महाडास हजारों लोकांबरोबर होते, आणि २० तारखेस चवदार तळ्याचें पाणी त्यांनीं हातीं घेतलें. पुढें कोर्टकचेऱ्या झाल्या. हायकोर्टाचा निकाल १९३७ सालीं लागला. बोल्यांचा ठराव झाल्यास तेव्हां चौदा वर्षें होत आलीं होतीं. ठराव नसता तर कोर्टांत उभें राहण्यास आधार कमी पडला असता; आणि लोक तळ्यावर गेले नसते तर ठराव दप्तरांत वाळवीनें खाल्ला असता. दोन्ही लागलीं.

आतां आजच्या घरकुलाकडे वळूं. १९८५ सालापासून सरकार गरीबांस इंदिरा आवास ह्या नांवानें घरें देत आलें. २०१६ सालापासून त्या जागीं प्रधानमंत्री आवास योजना आली. सपाट मुलखांत घरास १,२०,००० रुपये, डोंगरी मुलखांत १,३०,००० रुपये. दहा रुपयांतले सहा दिल्लीचे व चार राज्याचे. घर निदान २५ चौरस मीटरचें असावें. शिवाय रमाई, शबरी अशा राज्याच्या योजना आहेत, आणि २०२३ सालीं इतर मागासवर्गीयांसाठीं, म्हणजे कुंभार, सुतार, लोहार, परीट अशा कारागीर घरांसाठींही, तीन वर्षांत दहा लाख घरांची योजना सरकारनें जाहीर केली.

योजना चांगल्या आहेत. सरकारनें गरीबास घर द्यावें ह्यास आमचा विरोध असण्याचें कारणच नाहीं. पण आम्ही शाळामास्तर. आंकडा दिसला कीं त्रैराशिक मांडण्याची आमची खोड जात नाहीं. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारें २६९ चौरस फूट. १,२०,००० ला २६९ नें भागा. चौरस फुटास सुमारें ४४६ रुपये येतात. ही रक्कम २०१६ सालीं ठरली, आणि २०२४ सालीं योजना पुढच्या पांच वर्षांस वाढवितांना दिल्लीनें तीच कायम ठेवली. राज्य सरकारनें २०२५ सालीं आपल्याकडून ५०,००० रुपयांची भर घालण्याचें ठरविलें. ती धरली तरी चौरस फुटास ६३२ रुपये होतात. आतां आपल्या गांवच्या गवंड्यास विचारा कीं, ह्या पैशांत पाया, भिंती, छप्पर, दार आणि खिडकी होते काय? तो काय सांगेल तें लिहून ठेवा. तोच पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जागेचा. कारागिराचें घर गांवठाणांत वाडवडिलांपासून असतें. चार पिढ्या त्याच भिंतींत राहिल्या. पण नमुना ८चा उतारा मागितला कीं नांव निघतें चुलतआज्याचें, नाहीं तर निघतच नाहीं. जागा नांवावर नाहीं म्हणून घर नाहीं, आणि घर नाहीं म्हणून जागा नांवावर करून घेण्याची ऐपत नाहीं. तिसरा प्रश्न यादीचा. पुष्कळ नांवें २०११च्या पाहणींतलीं. त्या वेळीं जो एकत्र होता तो आज वेगळा निघाला आहे, जी सधवा होती ती विधवा झाली आहे. चौथा प्रश्न हप्त्यांचा.

ह्या हप्त्यांवरून आमच्या गांवांतली हकीकत सांगतों. एका कुंभार विधवेचें घरकुल मंजूर झालें. पहिला हप्ता आला, जुनें घर उतरविलें, जोतें बांधलें, जोत्याचा फोटो काढून नेला. पुढचा हप्ता आला नाहीं. खात्यावरचें नांव व यादींतलें नांव जुळत नाहीं, असें तिला तिसऱ्या खेपेस कोणी सांगितलें. दोन पावसाळे ती ताडपत्रीखालीं काढीत आहे. चाक फिरविण्यास जागा नाहीं, कच्चीं मडकीं ठेवण्यास कोरडा कोपरा नाहीं. म्हणजे घरच नव्हे, धंदाही भिजला. तिला महिना १,५०० रुपये निराधाराचा पगार आहे. दिवसास पन्नास रुपये झाले. त्यांतून तिनें सिमेंट आणावें कीं मीठ-भाकर खावी?

एका अधिवेशनांत आमच्या भागांतल्या एका विरोधी सभासदांनीं प्रश्न टाकला कीं, तालुक्यांत घरकुलांचे हप्ते रखडले आहेत हें खरें आहे काय, असल्यास कारणें कोणतीं, व सरकारनें कोणती कारवाई केली. सभागृहांतलीं उत्तरें कशीं असतात तें वाचकांनीं समजून घ्यावें. पहिलें उत्तर, "हें अंशतः खरें आहे." कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, तें कोण विचारणार? दुसरें, "माहिती घेण्यांत येत आहे." तिसरें, "प्रश्न उद्भवत नाहीं." आम्हीं तें उत्तर त्या बाईस वाचून दाखविलें. ती म्हणाली, "मास्तर, त्यांना सांगा, पावसाळा उद्भवतोय."

तिचें बोलणें आमच्या मनाला लागलें. मग शाळा सुटल्यावर सातवींतल्या मुलांस बरोबर घेऊन आम्हीं घरोघर फिरून एक तक्ता केला. रकाने पांचच: नांव कोणाचें, मंजुरी कोणत्या सालची, किती हप्ते कोणत्या तारखेस आले, काम कोठवर झालें, आणि कचेरींतून कारण काय सांगितलें. अकरा घरें अडलेलीं निघालीं. तो तक्ता घरवाल्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशीं विरोधी सभासदांस दिला, आणि त्याचीच नक्कल आमच्या भागाच्या सत्ताधारी आमदारांसही दिली. पुढच्या अधिवेशनांत तोच प्रश्न अकरा घरांच्या आंकड्यासह आला. ह्या खेपेस "अंशतः" चालेना. चौकशी करून निकाल लावतों, असें उत्तर आलें, आणि चार महिन्यांत सात घरांचे हप्ते सुटले. चार राहिलीं आहेत. कुंभारणीचें घर त्या चारांत आहे, हें लिहितांना आम्हांस दुःख होतें. पण खोटा आनंद छापणें हें ह्या पत्राचें काम नव्हे.

विरोधी सभासदांसही दोन शब्द सांगणें आम्हांस प्राप्त आहे. आपण प्रश्न विचारतां, त्याबद्दल रयत आपली ऋणी आहे. पण प्रश्न टाकून त्या दिवशीं सभागृहांत हजर न राहणें, उत्तर आल्यावर पुरवणी प्रश्न न करणें, फलक घेऊन पायऱ्यांवर फोटो काढला कीं काम झालें असें समजणें, ह्यानें आपली किंमत कमी होते. प्रश्नोत्तराचा तास गलबल्यांत बुडाला तर सुटतो तो मंत्री, कारण त्यास उत्तर देणें चुकतें. आणखी असें कीं, कालचे मंत्री आज विरोधी बाकांवर बसतात व कालचे विरोधी आज मंत्री होतात. जो प्रश्न आपण आज विचारतां, त्याचें उत्तर सत्तेवर असतांना आपण काय दिलें होतें, हें रयत विसरते असें समजूं नका.

पण सगळा दोष त्यांच्याच माथीं मारून चालणार नाहीं. आमच्या लोकांचे दोषही मोठे आहेत. ग्रामसभेचें पत्रक लागतें, पण सभेस जातात सरपंचाचे भाऊबंद आणि चावडीवर नाहीं तरी बसलेलेच पांचपन्नास लोक. यादी वाचली जाते तेव्हां आम्ही शेतांत असतों, नाहीं तर लग्नांत. मग माडीवाल्याचें नांव यादींत शिरतें आणि झोपडीवालीचें गळतें, आणि आम्ही सहा महिने पारावर कुरकुर करतों. ग्रामसभेंत गैरहजर राहणाऱ्यानें सभागृहांतल्या गैरहजर आमदारास कोणत्या तोंडानें बोलावें? आणखी एक दोष भाऊबंदकीचा. शेजाऱ्याचें घरकुल अडलें कीं आमच्यापैकीं कांहींस आंतून बरें वाटतें. हा विचार टाकून दिला पाहिजे. अकरा घरांचा तक्ता झाला तो अकरा घरांनीं एकमेकांविषयींची अढी सोडली तेव्हां.

बंधुभगिनींनो, आतां करावयाचें तें थोडक्यांत सांगतों. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या दिवसांच्या सुमारास ग्रामसभा भरविण्याची रीत आहे. त्या दिवशीं घरांतलें एक तरी माणूस, आणि बाईमाणूस असेल तर अधिक चांगलें, सभेस पाठवा. घरकुलाची यादी मोठ्यानें पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचवून घ्या, आणि हरकत असेल ती तेथल्या तेथें इतिवृत्तांत लिहवून घ्या. वरचा पांच रकान्यांचा तक्ता आपल्या गांवचा तयार करा. लिहिण्यास येत नसेल तर शाळेंतल्या मुलास सांगा, तो आनंदानें करील. कचेरींतून कारण तोंडी सांगत असतील तर २००५च्या माहितीच्या कायद्याखालीं अर्ज द्या. अर्जास दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यास तेही लागत नाहींत. आणि तीस दिवसांत उत्तर देणें कचेरीवर बंधनकारक आहे. तो तक्ता व तें उत्तर दोन्ही बाजूंच्या आमदारांस द्या, आणि पोंच घ्या.

एक गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक आहे. सभागृहांत मंत्री "चौकशी करूं," "निकाल लावूं," असें बोलला तर तें नुसतें बोलणें राहत नाहीं. तें आश्वासन ठरतें, आणि अशीं आश्वासनें पुरीं झालीं कीं नाहींत हें पाहण्यास विधिमंडळाची आश्वासन समिती असते. म्हणून आपल्या भागाच्या प्रश्नाचें छापील उत्तर आमदारांकडून मागून घ्या, आणि येत्या ग्रामसभेंत तें वाचून दाखवा. ज्यांचीं घरें अडलीं आहेत त्यांच्यासमोर तें वाचलें म्हणजे त्यांतला किती अंश खरा, हें लोकच सांगतील. त्यांनीं सांगितलेलें पुन्हां लिहून काढा, आणि पुढच्या अधिवेशनास पाठवा.

आमच्या गांवचा चार घरांचा दुसरा तक्ता तयार आहे. त्यावर पहिला अंगठा कुंभारणीचा आहे. तो आम्हीं दोन्ही आमदारांकडे धाडला आहे. काय उत्तर येतें तें ह्याच जागीं छापूं. ज्या गांवांतून असे तक्ते आमच्याकडे येतील त्यांसही ह्या पत्रांत जागा देऊं. मात्र नांव, साल, तारीख ह्यांत चूक नसावी. चुकीचा एक आंकडा गेला तर "हें खरें नाहीं" म्हणण्यास मंत्र्यास तेवढें पुरतें, आणि दहा खऱ्या घरांचें गाऱ्हाणें त्या एका चुकीखालीं बुडतें.